बगळ्याकडची रुंद वाट

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. पाडस तिचे पहिलेच होते, त्यामुळे तिचे सगळे लक्ष त्याच्याकडे असे. ते नुसते शिंकले तरी तिचे कान उभे राहत. कळपातल्या जुन्या हरिणी त्यावरून तिची थट्टा करीत, पण त्यात राग नसे, कारण पहिल्या पिलाच्या वेळी त्याही अशाच होत्या.

हरणांच्या कळपात पिलांना शिकवायच्या गोष्टी फार नसतात. कान कसे वळवायचे, वारा कुठून येतो ते कसे ओळखायचे आणि पाय कुठे ठेवायचा, एवढे आले की शिक्षण संपले. पाय कुठे ठेवायचा याचा नियम तर अगदी सोपा होता. जिथे पुष्कळ खूर उमटले असतील, तिथेच आपला खूर ठेवावा. तुडवलेल्या वाटेवर खड्डा नसतो, दलदल नसते, पानांखाली साप बसलेला नसतो. हरिणीला हे तिच्या आईने शिकवले होते आणि आईला तिच्या आईने. नियम चांगलाच होता. त्याच्या भरवशावर कळपाच्या कित्येक पिढ्या सुखरूप चालत आल्या होत्या. पण मुलांनो, चालण्यासाठी केलेला नियम हरिणीने पुढे भलत्याच कामाला लावला, आणि तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

उन्हाळा तोंडावर आला होता. पाडस नुकतेच उड्या मारायला शिकले होते आणि जमीन त्याला कमी पडू लागली होती. एका सकाळी ते वाट सोडून थेट वाळलेल्या बाभळीच्या फांदीवर जाऊन पडले. किंचाळून उठले आणि तीन पायांवर लंगडत आईकडे आले. पुढच्या उजव्या पायाच्या खुराच्या बेचक्यात काटा गेला होता, चांगला खोलवर. हरिणीने चाटून पाहिले, ओठांत धरून ओढून पाहिले, पण काटा हलेना. हरणाच्या वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात. त्या तोंडाने गवत खुडता येते, काटा धरता येत नाही.

एरवी तिने धीर धरला असता. पण कळपाच्या निघण्याचे दिवस जवळ आले होते. दर उन्हाळ्यात या काठचे गवत करपले की कळप डोंगरापलीकडच्या कुरणात जाई. निघायचे कधी, ते ओढ्याकाठच्या उंबरावरून ठरे. उंबराचे एक जाड मूळ काठावरून तिरके पाण्यात उतरले होते. पाणी ओसरत जाई तसे ते मूळ उघडे पडत जाई, आणि त्याचे टोक पाण्याबाहेर आले की दुसऱ्या दिवशी सकाळी कळप निघे. मग कोण तयार आहे आणि कोण नाही, हे कुणी पाहत नसे. पलीकडे जायला एकच खिंड होती आणि त्या खिंडीत बिबट्या बसत असे. कळप धावत खिंड ओलांडी आणि जो मागे राहील तो बिबट्याच्या वाट्याला जाई. गेल्या उन्हाळ्यात असेच एक लंगडे पाडस मागे राहिले होते. त्याची आई अजून कळपात होती. ती फारशी कुणाशी बोलत नसे.

कळपाची म्होरकी एक म्हातारी हरिणी होती. तिने येऊन पाडसाचा पाय हुंगला.

"मूळ उघडं पडायच्या आत याला पळता आलं पाहिजे," ती म्हणाली.

"आणि नाही आलं तर?" हरिणीने विचारले.

"तर त्याच्यापाशी थांबायचं की आमच्याबरोबर यायचं, ते तू ठरव."

म्होरकी हे रागाने बोलली नाही. तिने पुष्कळ उन्हाळे पाहिले होते.

काटे काढून देणारी दोन ठिकाणे त्या जंगलात होती. एक, उंबराखाली डोहाच्या काठी बगळ्याचे. दुसरे, टेकाडापलीकडच्या कातळाखाली साळिंदराचे. ऐनाच्या एका झाडापाशी वाट फुटत असे. डावीकडची वाट बगळ्याकडे, उजवीकडची साळिंदराकडे. हरिणी पाडसाला घेऊन त्या झाडाशी उभी राहिली आणि तिने दोन्हीकडे नीट पाहून घेतले.

डावीकडची वाट दोन रानगवे शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद होती. तुडवून तुडवून तिची माती पिठासारखी मऊ झाली होती. उजवीकडे वाट होती असे म्हणायला फार तर वाव होता. गवत पाडसाच्या पोटाला लागेल एवढे वाढले होते आणि एका कोळ्याने जाळे विणून ती आडवी बंदच करून टाकली होती.

तेवढ्यात मागून एक लांडोर लंगडत आली.

"काय गं, पाडसाला काटा लागला वाटतं?" तिने विचारले. "चल की मग माझ्याबरोबर. मी बगळ्याकडेच चाललेय."

"मी विचार करत होते, साळिंदर कसा आहे म्हणून. टेकाड इथून जवळ आहे."

"साळिंदर?" लांडोरीने मान एवढी मागे घेतली की तिचा तुरा हलला. "अगं, ज्याच्या स्वतःच्याच अंगावर एवढे काटे, तो तुझ्या पिलाचा काटा काढणार होय! आणि तो ससा आठवतो का तुला, कान फाटलेला? गेला बिचारा त्या साळिंदराकडे. टेकाडामागून त्याची किंकाळी मी या कानांनी ऐकली. त्यानंतर तो ससा डोहावर कुणाला दिसला नाही. आता काय झालं असेल ते तूच समज."

हरिणीने पाडसाला जवळ ओढले.

"बगळ्याकडे कुणी ओरडतं का?"

"छे गं! किती प्रेमळ आहे तो. आणि ही वाट बघ ना. एवढे सगळे जातात ते उगीच का?"

हरिणीला तिच्या आईचा नियम आठवला. जिथे पुष्कळ पाय उमटले आहेत तिथे आपला ठेवावा. तिला एकदम हलके वाटले. तिने पाडसाला रुंद वाटेवर घातले.

बगळ्याच्या ठिकाणी खरोखरच गर्दी होती. सांबर, रानडुक्कर, दोन मुंगसे, एक पाय वर धरून बसलेला टिटवा आणि आणखी कितीतरी. बगळ्याचा शिरस्ता असा होता की आलेल्याने आपली पाळी येईपर्यंत काठच्या चिखलात, पाण्यात पाय ठेवून उभे राहायचे. "पाय गार राहिला की ठणका कमी होतो," असे तो सांगे, आणि ते खोटेही नव्हते. एवढे पाय चिखलात उभे राहिले की कुणी ना कुणी चुळबुळ करतेच. चिखल ढवळला की त्यातले बेडूक उड्या मारून वर येत, बारके मासे उलटेपालटे होत. बगळा एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाता जाता चोच मारी आणि एखादा बेडूक गिळी. त्याला शिकारीसाठी लांब जावे लागत नसे. म्हणून बगळा लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याला घाई नव्हती, एवढेच.

पाडसाची पाळी आली. बगळ्याने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले.

"अरे वा, किती गोड पोर आहे! नाव काय रे तुझं? आणि हरिणताई, तुम्ही किती वाळलात! रात्री झोप लागली नसेल, नाही का? काळजी करू नका. मी आहे ना."

असे कुणी बोलले नव्हते तिच्याशी. कळपात तर कुणीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणीच आले.

बगळ्याने चोच खाली नेली. बगळ्याची चोच लांब, सरळ आणि गुळगुळीत असते. मासा पकडायला तिच्यासारखी दुसरी नाही. त्या चोचीने त्याने काट्याचे वर दिसणारे टोक धरले, आणि कट् असा बारीक आवाज झाला.

"निघालं बघा!" टोक पाण्यात टाकत तो म्हणाला. "आत मुळाशी थोडं राहिलंय, ते आपोआप वर येईल. आता हा गार चिखल लावतो. परवा एकदा दाखवायला आणा."

पाडस ओरडले नाही. उलट म्हणाले, "आई, कसं गार गार वाटतंय!"

हरिणी घरी आली ती अगदी निश्चिंत मनाने. येताना तिने पाहिले तर उंबराचे मूळ निम्मे उघडे पडले होते. म्हणजे अजून वेळ होता.

संध्याकाळी चिखल वाळून गळून पडला आणि पाडस पुन्हा कण्हू लागले.

ती परवा गेली. मग पुन्हा परवा, आणि मग पुन्हा. प्रत्येक वेळी बगळ्याने पाडसाची विचारपूस केली, खुराच्या बेचक्यात चोच खुपसून थोडे काहीतरी केले, चिखल लावला आणि परत यायला सांगितले. प्रत्येक वेळी येताना पाय गार असे आणि घरी पोचेपर्यंत गरम होत असे. उंबराचे मूळ मात्र दर खेपेला थोडे जास्त दिसत होते.

हरिणी काही मूर्ख नव्हती. एकदा तिने शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रानडुकराला विचारलेच.

"काका, तुम्ही किती दिवस येताय इथे?"

"मी होय? गेल्या पावसाळ्यापासून." रानडुक्कर चिखलात आणखी थोडा खाली बसला.

"मग अजून बरं नाही वाटत?"

"वाटतं की. इथे आलं की बरंच वाटतं."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी कोण बसतंय! घरी काय आहे?" रानडुक्कर म्हणाला. "इथे चार जण भेटतात, बगळेबुवा विचारपूस करतात. मी तर सगळ्यांना सांगतो, जायचं तर इथेच जा."

तिने सांबराला विचारले, मुंगसांना विचारले, टिटव्यालाही विचारले. सगळ्यांनी बगळ्याची तोंडभरून स्तुती केली. एकानेही त्याला नाव ठेवले नाही. एवढे जण सांगताहेत म्हटल्यावर आपलाच धीर कमी पडतोय, असे तिला वाटले आणि थोडी लाजही वाटली.

मग तो दिवस आला. मुळाचे फक्त टोक पाण्यात उरले होते. ऊन असेच राहिले तर ते संध्याकाळपर्यंत उघडे पडणार हे कुणालाही कळले असते. पाडसाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. ते आता खेळत नव्हते, आणि दूध पितानाही मध्येच थांबत होते.

"बगळेबुवा," हरिणी म्हणाली, "उद्या सकाळी आमचा कळप निघेल. हा उद्या पळेल का?"

"पळेल की! का नाही पळणार?" बगळा म्हणाला. "पण घाई करू नका. जखमेला आपला वेळ द्यावा लागतो. परवा आणा, पाहू."

"परवा आम्ही इथे नसू."

बगळ्याचे लक्ष रानडुकराच्या पायांपाशी वर आलेल्या एका बेडकाकडे होते. त्याने तो टिपला, गिळला आणि मान सरळ केली.

"बरं, मग परवा नाही जमलं तर तेरवा आणा," तो तितक्याच प्रेमाने म्हणाला.

 हरिणी पाडसाला घेऊन निघाली.

अर्ध्या वाटेवर पाडस बसले. "आई, जरा थांब ना," म्हणाले आणि मान टाकून तिथेच पडून राहिले. हरिणी त्याच्याजवळ उभी राहिली. माणूस अशा वेळी आकाशाकडे बघतो, हरीण जमिनीकडे बघते. तीही जमिनीकडे बघत राहिली.

पिठासारख्या मऊ मातीत पाडसाच्या पायांचे ठसे उमटले होते. तीन पूर्ण, आणि चौथ्याच्या जागी फक्त टोकाची एक ओढलेली रेघ. असा ठसा साऱ्या जंगलात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिने जीभ लावावी तसे तोंड खाली नेले, आणि तिला त्याच्याच शेजारी तसाच दुसरा ठसा दिसला. जरा पुसटलेला, परवाचा. त्याच्या पलीकडे त्याच्या आधीच्या खेपेचा. जातानाचे आणि येतानाचे, सगळे एकाच पाडसाचे.

मग ती बाकीचे ठसे बघू लागली. हा एका बाजूने झिजलेला खूर रानडुकराचा. हा पुन्हा रानडुकराचा. हाही त्याचाच. हे एक बोट वर उचललेले पाऊल लांडोरीचे, आणि ते पुढेही होते, त्याच्या पुढेही होते, वाटेभर होते. सांबर, मुंगसे, टिटवा. तिने बराच वेळ शोधले, पण त्या ओळखीच्या लंगड्या पायांखेरीज नवा पाय तिला सापडेना.

वाट पुष्कळांनी रुंद केली नव्हती. त्याच त्या थोड्यांनी पुन्हा पुन्हा येऊन रुंद केली होती. तिच्या स्वतःच्या पाडसानेही ती रुंद करायला हातभार लावला होता, आणि तेसुद्धा तीन पायांनी.

 तिला आणखी एक गोष्ट उमगली. तिने ज्यांना ज्यांना विचारले होते, ते सगळे डोहाच्या चिखलात उभे होते. ज्याचा पाय बरा झाला तो तिथे उभा राहीलच कशाला? अशा कुणाला तिने विचारलेच नव्हते, कारण असा कुणी तिला तिथे भेटलाच नव्हता.

"ऊठ," ती पाडसाला म्हणाली.

"घरी जायचं?"

"नाही."

ऐनाच्या झाडापाशी येऊन ती उजवीकडे वळली. कोळ्याचे जाळे तिच्या नाकावर फाटले. गवतात पाय ठेवण्याआधी ती दर वेळी जमीन हुंगून घेत होती, कारण जन्मात प्रथमच ती न तुडवलेल्या जागी पाय ठेवत होती. दर पावलाला तिला वाटे की आता खड्डा येईल, आता साप येईल. पण नुसते गवतच येत राहिले.

टेकाडाच्या वळणावर समोरून काहीतरी सुसाट आले, तिच्या पायांमधून निघून गेले आणि पुढे जाऊन थांबले. तो एक ससा होता. त्याचा एक कान फाटलेला होता.

"तू!" हरिणी म्हणाली. "तू जिवंत आहेस?"

"का, तसा दिसत नाही का?" ससा म्हणाला.

"डोहावर म्हणतात की साळिंदराकडे गेलास आणि पुन्हा कुणाला दिसला नाहीस."

"काटा निघाल्यावर डोहावर जाऊन काय करू? मला तिकडे काही काम नाही," ससा म्हणाला.

"दुखलं का रे खूप?" पाडसाने विचारले.

"दुखलं की. मी केवढ्यानं ओरडलो!" ससा म्हणाला आणि लगेच निघूनही गेला. ऊन वाढायच्या आत त्याला करवंदीच्या जाळीपाशी पोचायचे होते.

साळिंदर दिवसा झोपतो. झोपेतून उठवलेला साळिंदर कसा असतो हे ज्याने पाहिले नाही, त्याने न पाहिलेलेच बरे. हरिणीने बिळाच्या तोंडाशी पाय आपटले तेव्हा आतून आधी काट्यांची सळसळ ऐकू आली आणि मग आवाज आला.

"कोण आहे? ही काय वेळ झाली यायची?"

"बाबा, माझ्या पाडसाला काटा..."

"मग काय नाचायला आलीस असं म्हणालो का मी? बस बाहेर. पाय आत कर."

त्याने नाव विचारले नाही की झोप लागली का विचारले नाही. पाडसाचा पाय हुंगून तो एवढ्या मोठ्याने फुत्कारला की पाडस आईच्या पोटाशी चिकटले.

"टोक मोडलंय. ज्या दिवशी रुतला त्या दिवशी आली असतीस तर एका ओढीत काम झालं असतं. आता आत सरकलाय. कुठे होतीस इतके दिवस?"

 ते हरिणीला फार लागले, कारण ते खरे होते.

"दुखेल," साळिंदर म्हणाला. "त्याचं डोकं धरून ठेव."

साळिंदराचे पुढचे दात तुम्ही पाहिले आहेत का? पटाशीसारखे धारदार, आणि पकड अशी की झाडाची साल सोलतात. ते दात बेचक्यात शिरले तेव्हा पाडस असे किंचाळले की टेकाडावरचे पोपट उडाले. हरिणीने त्याचे डोके आपल्या मानेखाली दाबून धरले. पळून जावे असे तिला वाटले, साळिंदराला लाथ मारावी असेही वाटले. तिने दोन्ही केले नाही. पाडस दुसऱ्यांदा किंचाळले, आणि मग साळिंदराने तोंडातून काहीतरी बाहेर थुंकले.

तो काटा होता, पाडसाच्या कानाएवढा लांब, काळा पडलेला. त्याच्या मागोमाग पू आणि रक्त आले.

"चाट ते. चिखल लावू नकोस," साळिंदर म्हणाला. "आणि चालव त्याला, बसवून ठेवू नकोस."

"पुन्हा कधी आणू, बाबा?"

"पुन्हा? पुन्हा कशाला?" साळिंदर चिडूनच म्हणाला. "काटा इथे पडलाय. आता पुन्हा आलीस तर झोपमोड केल्याबद्दल तुलाच टोचीन."

आणि तो पाठ फिरवून बिळात गेला.

परत येताना पाडसाने तो पाय आधी नुसता टेकवला. मग त्यावर थोडा भार दिला. ऐनाच्या झाडापर्यंत ते चारही पायांवर चालत होते, कुरकुरत, पण चारही पायांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळाचे टोक पाण्याबाहेर होते. म्होरकीने ते पाहिले, मान उचलली आणि कळप निघाला. खिंडीच्या तोंडाशी येताच सगळे धावू लागले. पाडस धावले, पण ताज्या जखमेचा पाय तो, हळूहळू ते मागे पडू लागले. हरिणी पुढे गेली नाही. ती त्याच्या मागून, खडकांकडच्या बाजूने धावत होती. वरच्या कातळावर पिवळे काहीतरी हलले. तेवढ्यात पाडसाच्या दुसऱ्या बाजूला आणखी कुणीतरी येऊन धावू लागले. हरिणीने वळून पाहिले. गेल्या उन्हाळ्यात जिचे पाडस मागे राहिले होते, ती हरिणी होती.  दोघींच्या मधून पाडस धावत राहिले, त्याला मागे राहायला जागाच उरली नाही, आणि तिघेही खिंडीतून बाहेर पडले. बिबट्या कातळावर बसून राहिला. एकटे कुणी त्याला मिळाले नाही.

पलीकडच्या चढावर पोचल्यावर हरिणीला डोहावरचे सगळे आठवले. रानडुक्कर, लांडोर, टिटवा. परत जाऊन त्यांना सांगावे असे तिला वाटले. पण कळप पुढे चालला होता. मग ती तिथल्या सर्वांत उंच दगडावर चढली आणि डोहाच्या दिशेला तोंड करून जेवढ्या जोरात ओरडता येईल तेवढ्या जोरात ओरडली, "साळिंदराकडे जा! काटा निघाला!" मग पाडसाने हाक मारली आणि ती उतरून त्याच्यामागे गेली. नव्या कुरणात कोवळे गवत होते. पाडस पहिल्याच दिवशी तिथे एका झुडपात जाऊन पडले आणि हरिणीने त्याला चांगले रागे भरले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण डोहावर काय झाले तेही सांगायला हवे. डोंगरावरून एवढ्या लांब शब्द पोचत नाहीत. कुणी हरिणी जिवाच्या आकांताने ओरडते आहे, एवढेच तिथे ऐकू आले. लांडोरीने मान वर केली, रानडुकराने सुस्कारा सोडला.

थोड्या दिवसांनी एक भेकरी आपल्या लंगड्या पिलाला घेऊन ऐनाच्या झाडापाशी उभी राहिली. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. उजवीकडे गवत होते, आणि कोळ्याने नवे जाळे विणून काढले होते. मागून लांडोर लंगडत आली.

"साळिंदर कसा आहे हो, लांडोरताई?" भेकरीने विचारले. "टेकाड इथून जवळ आहे."

"नाव काढू नकोस त्याचं!" लांडोर म्हणाली. "आता परवापरवाची गोष्ट. इथे एक हरिणी यायची, गोड पाडस होतं तिचं. कुणाच्या नादी लागली कोण जाणे, गेली त्याला घेऊन साळिंदराकडे. त्या पाडसाची किंकाळी आम्ही सगळ्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी डोंगरावर त्याची आई कशी टाहो फोडत होती! त्यानंतर ते पाडस डोहावर कुणालाही दिसलं नाही."

"आई गं!" भेकरी म्हणाली आणि पिलाला पोटाशी घेऊन रुंद वाटेला लागली. मऊ मातीत तिची चार पावले उमटली आणि पिलाची तीन, आणि वाट होती त्याहून किंचित रुंद झाली.

तात्पर्य : दारातली गर्दी कोण बरे झाले हे सांगत नाही, कोण अजून बरे झालेले नाही तेवढेच सांगते. म्हणून ठिकाण निवडताना तिथे थांबलेल्यांना नव्हे, तिथून मोकळे होऊन गेलेल्यांना गाठून विचारावे.